झोपेला साक्षीदार लागतो

शिरपूर सोडलं की पळासनेरपर्यंत रस्ता सरळ धावतो, आणि मग बिजासनचा घाट लागतो. दोन वर्षांपूर्वी नाशिकहून वऱ्हाड घेऊन आम्ही इंदूरला परतत होतो. मी पुढे उस्तादांच्या, म्हणजे आमच्या जुन्या ड्रायव्हरच्या, शेजारी बसलो होतो, त्यांना जागं ठेवायला. पहाटेचे साडेतीन वाजले होते. मागे सतरा माणसं, सुकलेले गजरे, चादरीत बांधलेली आहेराची भांडी. इंदूरच्या हुकुमचंद मिलचा भोंगा किती वाजता व्हायचा, असं काहीतरी मी उस्तादांना विचारलं, एवढं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते थेट नवऱ्या मुलाच्या मामांचं ओरडणं.

गाडी पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, मुरुमावरून चालली होती. पुढे कापसाच्या गाठी भरलेला ट्रक उभा, त्याला मागे ना दिवा ना लाल पट्टी. उस्तादांनी स्टिअरिंग ओढलं, गाडी झोकांडी खाऊन डांबरावर आली, मागची चादर सुटली आणि स्टीलचे पेले सीटांखालून घरंगळत पुढे आले. त्यातला एक माझ्या बुटाला येऊन टेकला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग उस्ताद म्हणाले, "डोळ्यात काहीतरी गेलं." मी म्हणालो, "हो न, मी जागाच होतो."

मामा म्हणाले, "जागे? तुम्ही घोरत होता. आणि यांची मान खाली."

आम्ही दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं. ही गोष्ट मला पटायला पुढे वर्ष लागलं.

आमचा धंदा छोटा. वडिलांनी एका जुन्या मेटॅडोरवर सुरू केला, आता चार गाड्या आणि पाच ड्रायव्हर आहेत. घर लोकमान्य नगरात, ऑफिस तीन इमलीपाशी, दहा बाय बाराची खोली. लग्नसराईत वऱ्हाडं, एरवी शिर्डी, ओंकारेश्वर-महेश्वर, उज्जैन, आणि पुण्या-नाशकाची भाडी तर बारमाही, कारण इंदूरच्या मराठी माणसाचं निम्मं गणगोत तिकडे. उस्ताद आमच्याकडे सगळ्यात जुने. त्यांचे वडील हुकुमचंद मिलमध्ये रात्रपाळीला असायचे. १९९१च्या डिसेंबरात मिल बंद पडली, आणि अठरा वर्षांचा हा मुलगा माझ्या वडिलांकडे क्लीनर म्हणून लागला. मला सायकल चालवायला त्यांनीच शिकवलं. मालक मी, पण गाडी घ्यायची की विकायची यात शेवटचा शब्द त्यांचा असतो. त्यांना मी कधी नावानं हाक मारलेली नाही, तेव्हा इथेही ते उस्तादच.

त्या रात्रीनंतर पहिली तपासणी झाली ती माझी. बायकोनं काही न सांगता एका रात्री माझं घोरणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि सकाळी पोहे खाताना ऐकवलं. घोरणं ठीक होतं, बाप-आजोबांपासून चालत आलेलं. पण मध्येच ते थांबायचं. थांबायचं म्हणजे पूर्ण शांतता. पंख्याचा आवाज, लांब कुठे कुत्रं, आणि मी नाही. मी मनातल्या मनात आकडे मोजू लागलो, एकवीसपर्यंत गेलो, तेव्हा कुठे बुडालेला माणूस वर यावा तसा फोनमधला मी फुरफुरत परत आलो. पोह्यांवर जीरावन मसाला घालायला उचललेला चमचा तसाच हातात राहिला. बायको म्हणाली, "हे मी वीस वर्षं ऐकतेय."

डॉक्टरांनी घरी नेऊन लावायचं एक यंत्र दिलं. बोटाला चिमटा, नाकाखाली नळी, छातीला पट्टा. रिपोर्ट आला, तासाला ३४. म्हणजे दर तासाला चौतीस वेळा माझा श्वास किमान दहा सेकंद थांबत होता किंवा फार कमी होत होता. पाचाच्या खाली असेल तर सोडून देतात, पाच ते पंधरा सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्याच्यापुढे तीव्र. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून धक्का देतो, माणूस अर्धवट जागा होऊन श्वास घेतो आणि परत झोपतो. दर दोन मिनिटांनी कोणी दार वाजवत असेल तर झोप कसली लागणार? पण दार वाजल्याचं सकाळी आठवत नाही. आठवतं ते फक्त जड डोकं, कोरडं तोंड, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, आणि गोळ्या घेऊनही न उतरणारं ब्लडप्रेशर. माझं बीपी दहा वर्षं हट्टी होतं. मी त्याचा दोष कचोरीला देत होतो.

चौतीसपैकी एकही धक्का मला ठाऊक नव्हता. झोपलेला माणूस आपल्याच झोपेबद्दल काही सांगू शकत नाही. तिथे तो हजरच नसतो.

जपानमध्ये २६ फेब्रुवारी २००३ला एक बुलेट ट्रेन ओकायामा स्टेशनात ठरलेल्या जागेच्या अलीकडेच थांबली. दुपारची वेळ होती. कंडक्टर पुढे जाऊन बघतो तर ड्रायव्हर सीटवर गाढ झोपलेला. सुमारे आठ मिनिटं, ताशी २७०च्या आसपास वेगानं, ती गाडी झोपलेल्या माणसाच्या हातात होती. थांबवली ती स्वयंचलित यंत्रणेनं. कोणाला खरचटलंही नाही. नंतर तपासलं तर त्याला तीव्र स्लीप ॲप्निया निघाला. त्याच्यानंतर जपाननं रेल्वे आणि बसच्या ड्रायव्हरांची यासाठी तपासणी मनावर घेतली. मला त्या गोष्टीतला कंडक्टर महत्त्वाचा वाटतो. कोणीतरी पुढे जाऊन बघितलं. बिजासनच्या घाटात स्वयंचलित यंत्रणा नाही. आमच्याकडे मामा होते.

ताशी ८० म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. चार सेकंदांची डुलकी लागली तर गाडी जवळजवळ नव्वद मीटर आपली आपण जाते. आपल्याकडे २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी अहवालात नियम मोडल्याचे रकाने आहेत: अतिवेग, दारू, उलट्या दिशेनं गाडी, लाल दिवा, मोबाइल, आणि शेवटी 'इतर'. झोपेला रकाना नाही. दारूचं बरं असतं, नळीत फुंकलं की आकडा येतो. झोपेचा वास येत नाही, आणि अपघात झाल्यावर तर सगळेच खडबडून जागे असतात. खरं तर सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो, असं संशोधनात दिसलं आहे. आपल्या कायद्याची दारूची मर्यादाच ०.०३ आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहाला शिर्डीची गाडी काढणारा आमचा माणूस, एक थेंब न घेता, त्या मर्यादेच्या पलीकडे असतो. मी हे हिशोब करायला लागलो तेव्हा माझीच झोप उडाली. म्हणजे जी काही होती ती.

तर मालकानं ठरवलं की ड्रायव्हरांची तपासणी करायची.

मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलात १९९१ साली तयार झालेली एक प्रश्नावली जगभर वापरतात. आठ प्रसंग दिलेले असतात: वाचताना, टीव्ही बघताना, सभेत किंवा नाटकाला नुसतं बसलेलं असताना, तासभर दुसऱ्याच्या गाडीत, दुपारी आडवं झाल्यावर, कोणाशी बोलताना, जेवणानंतर शांत बसलेलं असताना, आणि शेवटी गाडी रहदारीत काही मिनिटं थांबली असताना. प्रत्येक वेळी डोळा लागण्याची शक्यता किती, शून्य ते तीन. एकूण चोवीस. दहाच्या वर गेलात की डॉक्टरांना भेटा. माझे चौदा आले होते, त्यात नाटकाचे तीन होते. एका चांगल्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात मी असा घोरलो होतो की पुढच्या रांगेतल्या आजी वळून बघत होत्या. मी ती प्रश्नावली हिंदी-मराठीत करून छापली आणि पाच जणांना दिली. सगळ्यात धाकटा, सव्वीस वर्षांचा माळवी पोरगा, पेन दातात धरून म्हणाला, "भैया, पास होने के लिए कितने चाहिए?"

पाच कागद परत आले. शून्य, शून्य, एक, शून्य, दोन. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस दुपारी बाफले खाऊन आडवा झाला तरी पेंगणार नाही, असं पाच जणांनी लिहून दिलं होतं. दोन गुण लिहिणारा प्रामाणिक असावा असं मला वाटलं. नंतर कळलं, त्याला दोनाच्या जागी शून्यच लिहायचं होतं.

चूक त्यांची नव्हती. लायसन्सचा फॉर्म भरताना ते हेच करत आलेत. ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये आपण स्वतःच लिहून देतो: फिट येत नाही, रातांधळेपणा नाही, लाल-हिरवा रंग ओळखता येतो, पंचवीस मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते, हातपाय शाबूत आहेत. धंद्याच्या गाडीसाठी वर फॉर्म १-ए, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. घोरता का, दिवसा पेंगता का, झोपेत श्वास अडकतो असं कोणी कधी म्हणालंय का, हे कोणी विचारत नाही. दर पाच वर्षांनी लायसन्स नवं होतं आणि ड्रायव्हर पाच वर्षांनी म्हातारा आणि तीन-चार किलोंनी जड. उस्तादांनी गेल्या खेपेला प्रमाणपत्र आणलं तेव्हा मी विचारलं होतं, डॉक्टरांनी काय तपासलं? ते म्हणाले, "फोटो."

तोवर संक्रांत आली. आमच्याकडे रथसप्तमीपर्यंतच्या एखाद्या रविवारी हळदीकुंकू असतं आणि ड्रायव्हरांच्या घरच्या बायकांना बायको आवर्जून बोलावते. त्या वर्षी वाणाला स्टीलचे डबे होते. मी आतल्या खोलीत हिशोब करत बसलो होतो, आणि बाहेर तिळगूळ, उखाणे झाल्यावर गप्पा नवऱ्यांच्या घोरण्यावर आल्या. ही गाडी कोणी त्या रस्त्याला लावली ते मी सांगत नाही. एक म्हणाली, "दम अडकला की मी कोपर मारते, मग सुरू होतात." दुसरी माळवीत काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या, मला एवढंच कळलं की तिचा नवरा बसून झोपतो, आडवा झाला की गुदमरतो. उस्तादांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "आमचे घरी असतातच कुठे? महिन्यात आठ-दहा रात्री. बाकीचं क्लीनरला विचारा." आणि मग थोडं थांबून, "पण त्या आठ रात्री मी झोपत नाही. यांचा श्वास परत येईपर्यंत मी जागी."

पाच कागदांनी जे दडवलं ते एका संध्याकाळी हलव्याच्या दाण्यांबरोबर बाहेर पडलं. डॉक्टर लोक वापरतात त्या दुसऱ्या एका प्रश्नावलीत हा प्रश्न आहेच. स्टॉप-बँग तिचं नाव, टोरंटोतल्या भूलतज्ज्ञांनी २००८ साली काढलेली. घोरणं, थकवा, कोणी श्वास थांबताना पाहिलंय का, बीपी, वजन, वय, गळ्याचा घेर, आणि पुरुष की बाई. पैकी 'कोणी पाहिलंय का' हा मला सगळ्यात खरा प्रश्न वाटतो, आणि रात्रीच्या ड्रायव्हरला तोच लागू पडत नाही. त्याला पाहणार कोण? तो झोपतो दिवसा, गाडीतल्या मागच्या सीटवर, धर्मशाळेच्या ओट्यावर, स्लीपर बसचा असेल तर कधी खाली डिकीत. त्याच्या झोपेला साक्षीदार नसतो.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग मी गाढवपणा केला. सोमवारी ऑफिसात, चार जणांसमोर, एकाला म्हणालो, "तू कागदावर शून्य लिहिलंस, आणि घरी तर बायको कोपर मारून मारून दमली."

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उस्ताद आले, बसले नाहीत. "भैया, बायका तुमच्या घरी हळदीकुंकवाला आल्या होत्या. तिथलं बोलणं तुम्ही दफ्तरात आणलंत. त्याच्या घरी काल काय झालं असेल?" काय झालं असेल ते मला कळत होतं. घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिनं पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. म्हणाली, "पुढच्या वर्षी कोणी येणार नाही, आणि आल्या तरी बोलणार नाहीत." तिचा राग मला आजही रास्त वाटतो. साक्षीदार मिळाला म्हणून मी हरखलो, आणि त्याच पायरीवर त्याला उघडा पाडला.

उस्तादांनीच मग मुद्द्यावर बोट ठेवलं. शून्य का लिहितो माणूस? लायसन्सच्या भीतीनं नाही. लायसन्सवाले विचारतच नाहीत. भत्त्याच्या भीतीनं. आमच्याकडे पगार ठीकठाक, पण घर चालतं रात्रीच्या भत्त्यावर. मालकानं 'झोपेचा आजार' म्हणून रात्रीच्या गाडीवरून उतरवलं की भत्ता गेला, आणि ही बातमी तीन इमलीच्या चहाच्या टपरीवरून अर्ध्या तासात देवास नाक्यापर्यंत जाते. मग दुसरा कोणी मालकही ठेवत नाही. खरं बोलायचं आणि घरचं दूध बंद करायचं, असा सौदा मी त्यांच्यापुढे ठेवला होता आणि त्याला तपासणी म्हणत होतो.

रजिस्टरच्या मागच्या पानावर मी लिहून दिलं: तपासणीचा खर्च माझा. काही निघालं तर उपचार सुरू होईपर्यंत दिवसाची गाडी, पण रात्रीचा भत्ता चालू. रिपोर्ट डॉक्टर आणि ड्रायव्हर यांच्यात; मला फक्त 'चालवू शकतो' किंवा 'थांबा' एवढंच कळावं. सही केली. माझा चुलतभाऊ, जो चार्टर्ड अकाउंटंट आहे, म्हणाला की तू वेडा आहेस. त्याला कापसाच्या गाठी भरलेला तो ट्रक दिसला नव्हता.

बायकोच्या शिलाई मशीनमधली टेप घेऊन मी ऑफिसात गळे मोजायला बसलो तेव्हा वातावरण जरा हलकं झालं. "शेरवानी शिवायची काय?" असं एकानं विचारलं. चाळीस सेंटिमीटरच्या वर गळा असला तर धोका वाढतो, घशाभोवतीची चरबी वाट अरुंद करते. उस्तादांचा त्रेचाळीस भरला. माळवी पोरगा छत्तीस. पण शिरपूरकडचा आमचा एक ड्रायव्हर आहे, सडपातळ, गळा सदतीस, आणि तो तर सगळ्यात जोरात घोरतो. त्याची हनुवटी मागे आहे. हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं: आपल्या लोकांत जबड्याच्या ठेवणीमुळे बारीक माणसालाही हा आजार होतो, परदेशी कोष्टकातला वजनाचा आकडा आपल्याला जसाच्या तसा चालत नाही. टेपला जे कळत नाही ते कोपर मारणाऱ्या बायकोला कळतं. म्हणून मला अजून वाटतं की टेप आणि कागद दोन्ही दुय्यम.

पाचपैकी तिघांनी यंत्र घरी नेलं. उस्ताद सगळ्यात शेवटी, आणि तेही दिवसा झोपताना लावलं, कारण त्यांची रात्र दिवसा असते. तासाला ४१. ऑक्सिजन एका वेळी बहात्तर टक्क्यांपर्यंत उतरलेला. हे आकडे मला कळायला नको होते. त्यांनी स्वतःच कागद टेबलावर टाकला. "तुमच्यापेक्षा जास्त," म्हणाले, आणि मला शपथेवर वाटतं त्यात थोडा अभिमान होता.

यावर दुनियेनं काय केलं तेही मी वाचून काढलं. युरोपनं २०१४ साली नियम केला की ज्याला मध्यम किंवा तीव्र ॲप्निया असेल आणि दिवसा झोप अनावर होत असेल, त्यानं डॉक्टरांकडून आजार काबूत असल्याचं दाखवावं, मगच लायसन्स. अमेरिकेनं २०१६ साली ट्रक आणि रेल्वेच्या ड्रायव्हरांसाठी तपासणीचा नियम आणायचं ठरवलं आणि २०१७च्या ऑगस्टमध्ये तो विचार मागे घेतला. तिथल्याच एका मोठ्या ट्रक कंपनीत मात्र आधीपासून तपासणी सुरू होती, आणि २०१६ साली छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की ज्या ड्रायव्हरांना ॲप्निया निघाला आणि ज्यांनी उपचार अजिबात घेतले नाहीत, त्यांचे टाळता येण्यासारखे गंभीर अपघात इतरांच्या पाचपट होते. पाचपट हा आकडा मी ऑफिसच्या भिंतीवर लावणार होतो. लावला नाही, कारण तोवर दुसरी एक गोष्ट वाचली.

न्यूयॉर्कजवळ १ डिसेंबर २०१३ला सकाळी एक लोकल ट्रेन ताशी ४८ची मर्यादा असलेल्या वळणावर १३२च्या वेगानं शिरली आणि घसरली. चार माणसं गेली. ड्रायव्हरला तीव्र ॲप्निया होता आणि तो कोणी कधी तपासला नव्हता. पण चौकशीत आणखी एक निघालं: दोनच आठवड्यांपूर्वी त्याची पाळी दुपारची बदलून पहाटेची केली होती. घसा त्याचा होता, पाळी कोणीतरी लावलेली.

नाशिकच्या त्या वऱ्हाडाच्या आदल्या दिवशी उस्ताद कुठे होते? मी रजिस्टर काढलं. शिर्डीहून पहाटे सहाला आले होते. अकराला त्यांना मी उज्जैनला पाठवलं, कारण दुसरी गाडी गॅरेजमध्ये होती. संध्याकाळी परत, जेवण, आणि रात्री नाशिक. माझं अक्षर, माझी सही. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस लिहिले होते, लांबच्या गाडीला परवानगीनं दहा, आणि पाच तासांनी अर्धा तास विश्रांती. पाचच ड्रायव्हर असलेल्या माझ्यासारख्याला तो कायदा धरायचा की नाही हे वकिलाला विचारावं लागेल, पण झोप ड्रायव्हरांची संख्या विचारून येत नाही. त्या आठवड्यात उस्तादांचे किती तास भरले ते मी मोजले आणि इथे लिहीत नाही. गळे मोजायला बायकोची टेप पुरली होती. फेऱ्या मोजायला बसलो तर सहावा ड्रायव्हर ठेवावा लागत होता. ठेवला, पण लगेच नाही, लग्नसराई संपल्यावर. तेवढे दोन महिने मी काय विचार करत होतो, देव जाणे.

उपचार म्हणजे एक मुखवटा आणि एक पेटी. पेटी हवेचा हलका दाब देते, त्या दाबानं घसा उघडा राहतो. सिडनीच्या एका डॉक्टरांनी १९८१ साली पहिल्यांदा हे जगापुढे ठेवलं. ऐकायला सोपं आहे. पण नाकावर रबर बांधून झोपणं म्हणजे हेल्मेट घालून जेवण्यासारखं वाटतं पहिले पंधरा दिवस. उस्तादांची अडचण वेगळीच: शिर्डीला धर्मशाळेत प्लग पंख्याच्या वर, वायर पोचत नाही. नाशिकला एक जण म्हणाला, "बाबा ऑक्सिजनवर आहेत का?" आणि यांना गाडी द्यायला यजमान तयार होईनात. गाडीच्या बॅटरीवर पेटी चालवायला अडॅप्टर आणला, तेव्हा कुठे जमलं. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी बायकोला फोन केला. बोलणं मला सांगायचं नाही अशी अट होती, आणि या वेळी मी विचारलंही नाही. बायको एवढंच म्हणाली, "काकू आता झोपतात."

पेटीत एक छोटं कार्ड असतं. किती रात्री लावली, किती तास, त्यातही श्वास किती वेळा थांबला, सगळं त्यात नोंदतं. कागदावर शून्य लिहिता येतं, कार्डात नाही. महिन्याभरानं उस्ताद डॉक्टरांकडून येताना कार्डाचा छापील कागद घेऊन ऑफिसात आले. मला बघायचा अधिकार नव्हता, मीच तसं लिहून दिलं होतं. त्यांनी तो माझ्यासमोर सरकवला. सरासरी पाच तास चाळीस मिनिटं. आजार तासाला ४१ वरून ४ वर. मी मालकासारखं बोट ठेवून एका मंगळवारचा शून्य दाखवला.

"ही रात्र?"

"मनमाडला गाडी पंक्चर होती. झोपलोच नाही." मग चहाचा ग्लास खाली ठेवला. "आता तुमचा कागद बघू."

माझी पेटी घरी होती, पण कागद पाकिटात घडी करून होता. डॉक्टरांकडे जायचं म्हणून काढला होता आणि चार दिवस गेलो नव्हतो. उस्तादांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, ओठ हलवत वाचला. सरासरी एक तास पन्नास मिनिटं. बारा रात्री कोऱ्या.

ते काही बोलले नाहीत. रजिस्टर आपल्याकडे ओढलं, शुक्रवारच्या नाशिकच्या रात्रीच्या गाडीचं पान काढलं. ड्रायव्हरच्या रकान्यात त्यांचं नाव होतं, आणि पुढच्या सीटवर, जागं ठेवायला, माझं. माझ्या नावावर त्यांनी एक सरळ रेघ मारली आणि माळवी पोराचं नाव लिहिलं.